पूजेत बसलेलं बायबल

घोळ सकाळीच होऊन गेला होता. घरात कळला तो दुपारी, नैवेद्याची पानं आटोपल्यावर. हरभऱ्याचं सुंडल आणि पुरणपोळी चेपून सगळे जिथल्या तिथं आडवे झाले होते. सुधींद्र मात्र आपल्या खोलीत गेला, लोखंडी कपाट उघडलं आणि तसाच उभा राहिला. वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळून ठेवलेलं शेजारच्या एस्तर टीचरचं बायबल जागेवर नव्हतं. मलमल होती. चौघडी घालून, कडेला कड जुळवून ठेवलेली. नंगनल्लूरच्या या घरात अशी घडी एकच माणूस घालतं.

पावलं न वाजवता तो देवघरापाशी गेला. दोन्ही समया तेवत होत्या. चौरंगावर सरस्वती, तिच्यासमोर दरवर्षीचा ढीग: आजोबांच्या पोथ्या, धाकट्या शेषाद्रीची रेल्वेतल्या नियमांची जाडजूड पुस्तकं, कीर्तनाचा लॅपटॉप, भावजय हेमलताची कात्री, आणि भिंतीला टेकून सुधींद्रच्या वडिलांचा, अप्पांचा मृदंग. सगळ्यांच्या वर, शेवंतीच्या फुलांखाली, मधाच्या रंगाचं, सोनेरी कडांचं ते तमिळ बायबल ऐटीत बसलं होतं. कोपऱ्यावर गंधाचा ठिपका, त्यावर कुंकू.

"बोंबला!" सुधींद्र स्वतःशीच म्हणाला.

सरस्वतीपूजेच्या दिवशी पूजेत ठेवलेलं पुस्तक उचलायचं नाही, हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी वाचायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करायची, प्रत्येक पुस्तकातल्या चार ओळी वाचायच्या आणि मगच ती जागची हलवायची. तंजावर सुटलं, जमिनी सुटल्या, मराठीसुद्धा निम्मी तमिळ झाली, पण हा नेम सुटला नव्हता. तो सुटू नये म्हणून तर थोरली बहीण भवानीअक्का होती.

आणि इकडे एस्तर टीचर आज संध्याकाळच्या गाडीनं तिरुनेलवेलीला निघायच्या होत्या. उद्या सकाळी त्यांच्या मुलाची दीक्षा. तो पाळक होणार, आणि सगळ्या मंडळीसमोर आई त्याच्या हातात हे बायबल देणार.

"अप्पा, काय झालं?" कीर्तना मागं येऊन उभी राहिली. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला आज सुट्टी, त्यामुळं मुलगी परकर-ओढणीच्या पावाडै-दावणीत होती, आणि हात हत्यार म्हणून बाजूला ठेवलेल्या मोबाईलवाचून अस्वस्थ.

सुधींद्रनं नुसतं बोट दाखवलं.

"अय्यो! वरच्या वर? फर्स्ट क्लासमध्ये?" तिला हसू फुटलं, मग बापाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. "अक्काअत्तेला सांगू या ना. उचलून देईल."

"मांडलेली पूजा अक्का मोडेल? तू कोणत्या घरात वाढलीस गं?"

"मग एकच उपाय." कीर्तनानं आवाज खाली आणला. "खरं काय ते सांगा. लेदर आहे म्हणा. पाच मिनिटांत पुस्तक घराबाहेर."

खरी मेख तिथंच होती. सुधींद्रनं उभा जन्म पल्लावरमच्या एका कारखान्यात कातड्यांची प्रत ठरवण्यात घालवला होता. देशस्थाच्या घरातला मुलगा आणि असली नोकरी! भवानीअक्कानं तेव्हाच दोन अटी घातल्या होत्या: कारखान्यातून आला की मागच्या दारी अंघोळ, आणि चामड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत नाही. चप्पल बाहेर, पट्टा बाहेर, पाकीट रेक्झिनचं. आई लवकर गेली, या दोन भावांना अक्कानंच वाढवलं. तिच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. सुधींद्रनं निवृत्त होईपर्यंत दोन्ही अटी पाळल्या.

पुढं कीर्तनाची आई गेली आणि हा माणूस नुसता खिडकीत बसून राहायला लागला. बोलेना, जेवेना. तेव्हा कीर्तनानं एका मैत्रिणीचं भारी बायबल आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "अप्पा, हे लेदर खरं की खोटं?" बोटांत जीव आल्यासारखा तो बोलायला लागला. ही बकरी. हे बघ, छिद्रं कशी दोन-दोन, तीन-तीनच्या पुंजक्यांनी आहेत. खोटं असतं तर सगळीकडं एकसारखा छाप असता. पानांचे फर्मे दोऱ्यानं शिवलेत, नुसते डिंकानं डकवलेले नाहीत, म्हणून पहिल्या पानावर उघडलं तरी सपाट राहतं. कीर्तनानं मोबाईल उभा करून नुसते हात आणि आवाज टिपून ऑनलाइन टाकले, आणि बघता बघता लोक त्याला 'लेदर तात्ता', म्हणजे लेदरआजोबा, म्हणू लागले. कोण कुठले पाळक, कोण कुठल्या नन, आपापली बायबलं तपासायला धाडू लागल्या.

अक्काला मात्र बापलेकीनं सांगून ठेवलं होतं, सगळं रेक्झिन. आणि अक्कानं ते मानलं! येता-जाता पुस्तकावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "काय मऊ रेक्झिन करतात पा अलीकडे!"

"नाही," सुधींद्र म्हणाला. "तिनं सोवळ्यात मांडलेली पूजा आहे. तिला आज सांगू, की देवीच्या डोक्याशी तू चामडं ठेवलंस? आणि दोन वर्षं मी तोंडावर खोटं बोललो म्हणून?"

"मग टीचरला काय सांगणार?"

सुधींद्र तसाच मागच्या दाराकडं वळला.

भवानीअक्का मागच्या पडवीत विड्याची पानं पुसत बसली होती. सुधींद्र तिच्याशेजारी पाटावर टेकला. काय बोलावं ते ठरवून आला होता, पण तिनंच सुरुवात केली.

"बघितलंस की पूजा? टीचराचं पुस्तक मी सगळ्यांवर ठेवलं. देवाचं पुस्तक, कपाटात कशास कोंडून ठेवतोस? आजच्या दिवशी कुणाचंही शास्त्र असो, सरस्वतीचंच की."

"खरं आहे अक्का. पण ते टीचरना आज हवंय. संध्याकाळची गाडी आहे. मुलाची दीक्षा उद्याच."

अक्काचा हात थांबला. "उद्या? मजला कोण सांगितलं? मी समजले, तू नेहमीसारखं बघायला आणलास."

"तुला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" दारातून शेषाद्रीचा आवाज आला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून या धाकट्या भावानं घरातल्या शास्त्राचं वेळापत्रक सांभाळायला घेतलं होतं. "पूजा मध्येच हलवायची नसते. अप्पांच्या वेळी माझं हॉलतिकीट पूजेत राहिलं होतं. दिलं का काढून? नाही दिलं."

"आणि म्हणून तुम्ही नापास झालात, असं चाळीस वर्षं ऐकतेय मी," आतून हेमलता म्हणाली. ती सोलापूरची, सासरी येऊन जन्म गेला तरी तिची मराठी आणि जीभ दोन्ही तिकडचीच राहिली होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली. "वन्सं, अहो द्या की काढून. एवढी आई लेकराकडं निघालीय."

"हेमा, यात तू पडू नकोस."

"का नको? माझी कात्रीसुद्धा आहे त्या ढिगात. मलाही मत आहे."

अक्काचं पान पुसून झालं होतं तरी तेच पुन्हा पुसत होती. चूक आपल्या हातून झाली हे तिला डाचत होतं, आणि नेम मोडायचा म्हणजे त्याहून मोठी चूक, हेही. सुधींद्रला तिची दया आली. कीर्तना दाराआडून खुणा करत होती, सांगा, सांगा. त्यानं मान हलवली. हुकमाचं पान हातात होतं, पण ते टाकायचं म्हणजे अक्काच्या जिवावर टाकायचं.

एवढ्यात फाटकाची कडी वाजली.

एस्तर टीचर दोन घरं सोडून राहायच्या. आज प्रवासाची सुती साडी, हातात पिशवी, चेहऱ्यावर सकाळपासूनचं हसू. "सार," आत येता येताच त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमचा निकाल ऐकायला आले. माझ्या मुलाच्या हातात हे आयुष्यभर टिकेल की नाही, ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी नेणार नाही."

"टिकेल," सुधींद्र म्हणाला आणि देवघराकडं बघू लागला.

"बसा टीचर," अक्का उठली. ती कधी कुणाशी आडपडदा ठेवायची नाही. टीचरचा हात धरून तिनं त्यांना देवघराच्या दाराशी नेलं आणि अभिमानानंच म्हणाली, "बघा, तुमचं पुस्तक कुठं बसवलंय. पण माझ्या हातून चूक झाली मा. आज उचलता येत नाही. उद्या सकाळी."

टीचरनं ढीग पाहिला, सरस्वती पाहिली, आपल्या बायबलवरचं कुंकू पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झर्रकन गेलं. एवढ्या वर्षांच्या त्या शेजारीण. कुठं गप्प राहायचं हे जाणत होत्या. "परवाइल्लै अम्मा, हरकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "घरचं जुनं नेते. नवं मग कधीतरी." आणि पिशवीचा बंद उगीचच घट्ट करायला लागल्या. बांधलेला बंद सोडून पुन्हा बांधला.

ते बघवेना, तेव्हा सुधींद्र बोलला. मराठीतच बोलला, म्हणजे निदान टीचरसमोर अक्काची शोभा व्हायला नको.

"अक्का, ते पुस्तक बाहेरच काढायला हवं. ते रेक्झिन नव्हे. बकऱ्याचं चामडं आहे."

हेमलतानं तोंडाला पदर लावला. शेषाद्रीनं "हरे श्रीनिवास!" म्हणून भिंतीला पाठ टेकली.

"हेच?" अक्कानं विचारलं.

"हेच. आणि याआधीचीही. दोन वर्षांत कपाटात आली ती सगळी. मी तुला खोटं सांगत आलो."

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. तो खाली बघत होता. लहानपणी दुधाचं भांडं सांडलं तेव्हा असाच उभा होता. ती रडेल की ओरडेल, की अंघोळीला जाऊन सगळी पूजा नव्यानं मांडेल, कुणालाच अंदाज येईना. ती वळली आणि देवघरात डोकावली.

"शेषू," ती शेवटी म्हणाली, "अप्पांचा मृदंग कधीपासून बसतो रे पूजेत?"

"आजोबांच्या काळापासून. का?"

"त्याच्या दोन्ही तोंडांस काय लावलंय? रेक्झिन?"

शेषाद्री घाईनं म्हणाला, "मृदंगाची गोष्ट वेगळी, ते वाद्य आहे, शास्त्रात..."

"तू उगी राहा. ज्याच्यातून देवाचं नाव निघतं, ते चामडं राहत नाही, असं अप्पा सांगायचे. मृदंगास एक न्याय आणि पुस्तकास एक, असं कसं चालेल?" ती सुधींद्रकडं वळली. "चामडं आहे म्हणून काढायचं कारण नाही. बसू दे."

झालं! सुधींद्रनं दोन वर्षांचं गुपित उघडं केलं, आणि पुस्तक होतं तिथंच राहिलं. कीर्तनानं कपाळावर हात मारला. टीचरना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी निरोपासाठी हात जोडले.

"थांबा," अक्का म्हणाली. ती टीचरच्या तोंडाकडं बघत होती, त्या जोडलेल्या हातांकडं बघत होती. तिला स्वतःला मूल नव्हतं, पण दोन मुलांना तिनं मुंजीपासून नोकरीपर्यंत पोहोचवलं होतं. मुलाकडं रिकाम्या हातानं जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायला नको होतं.

"सुधी, हे पुस्तक आपल्या घरचं की पाहुणं?"

"पाहुणं, अक्का."

"मग काय रे घोळ घालत बसलाय सगळे? घरचे आहेत ते उद्यापर्यंत बसतील. पाहुण्याची गाडी असली तर त्यास अडवून ठेवायचं, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? पाहुण्यास निरोप द्यायचा असतो."

"निरोप?" शेषाद्री उसळला. "असं एकेकट्या पुस्तकाचं विसर्जन मी कधी ऐकलं नाही!"

"आत्ता ऐक." अक्कानं हात-पाय धुतले, चिमूटभर अक्षता घेतल्या, आणि देवीपुढं बसून मंत्र म्हणायला लागली. निम्म्यातच अडखळली. पुन्हा पहिल्यापासून धरला, पुन्हा तिथंच अडली. शेषाद्री दारात तळमळत होता. मंत्र चुकलेला त्याला सहन व्हायचा नाही, मग तो कशाचाही असो. तिसऱ्यांदा अडल्यावर त्यानं सदरा काढून भिरकावला, आत येऊन मांडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुनरागमनाय च!"

"हां. तेच," अक्का म्हणाली. तिनं पुस्तकावर अक्षता टाकल्या, ते उत्तरेकडं थोडंसं सरकवलं, आणि दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. "टीचर, हा मंत्र म्हटला की पुन्हा यावं लागतं हो. पुस्तकानंही आणि मुलानंही. जेवायला घेऊन या त्याला."

टीचरनं पुस्तक छातीशी धरलं. मग कोपऱ्यावरच्या ठिपक्याकडं बघून त्या अवघडल्या. "अम्मा, रागावू नका. हे... तिथं बिशप असतील. पुसलं तर चालेल?"

शेषाद्री काही म्हणणार, त्याआधी अक्काच बोलली. "चालेल काय, पुसायलाच हवं. तुमच्या देवाच्या घरी जायचंय त्याला. पूस रे सुधी, तुझं काम आहे ते."

सुधींद्रनं मलमल आणली. गंध वाळलं होतं. ओलं फडकं लावलं तर डाग पसरेल, म्हणून त्यानं नखानं पापुद्रा उचलला आणि मग कोरड्या मलमलीनं हलक्या हातानं गोल गोल पुसलं. सगळे वाकून बघत होते. ठिपका गेला. तिथलं कातडं होतं तसंच, मधाच्या रंगाचं, मऊ.

"हीच परीक्षा होती टीचर," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मोकळा झाला. "कच्चं कातडं असतं तर गंधाचं पाणी पिऊन काळं पडलं असतं. यानं आत घेतलंच नाही. शिवण पक्की आहे, पाठ मोडत नाही, कागद पातळ आहे पण मागची अक्षरं पुढं दिसत नाहीत. खुणेची एक फीत जरा आखूड आहे, तेवढंच काय ते उणं. तुमच्या मुलाच्या हातात हे म्हातारं होईल, पण फाटणार नाही."

टीचर रडल्या, हसल्या, अक्काला मिठी मारून झाली. हेमलतानं पुरणपोळ्यांचा डबा पिशवीत कोंबला, कीर्तना ऑटो घेऊन त्यांना एग्मोर स्टेशनवर पोहोचवायला निघाली. आणि घर एकदम शांत झालं.

पडवीत अक्का विड्याच्या पानांशी परत बसली होती. सुधींद्र तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"अक्का, चुकलं माझं."

"चुकलंच! दोन वर्षं रेक्झिन, रेक्झिन! मी कोपऱ्यावरच्या मामीस सांगितलं, शिलाईमशीनच्या झाकणास असलंच रेक्झिन घे म्हणून. ती अजून दुकानं धुंडाळतेय!" त्याला हसू आलं, पण तिला आलं नाही. "कारखान्यात होतास तेव्हा कधी खोटं बोलला नाहीस. आत्ताच कशास?"

"तू बंद करायला लावशील म्हणून भीती वाटली. तेवढंच एक उरलं होतं गं मला."

अक्कानं पान खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. "तू नोकरीस लागलास तेव्हा मीच म्हटलं होतं, जेवताना तिथलं काही काढायचं नाही. तू काढलं नाहीस. कीर्तनाची आई बोलायची तिच्या शाळेचं, शेषू बोलायचा गाड्यांचं. तू गप्प जेवायचास. मजला वाटायचं, याचा स्वभावच तसा." ती थांबली. "आत्ता त्या टीचराशी बोलत होतास, ते ऐकत होते मी. इतकं बोलतोस तू?"

सुधींद्र उगीच तबकातली पानं सारखी करायला लागला.

"जा. कपाटातली बाकीची घेऊन ये."

तो घेऊन आला. मलमल पसरून त्यानं ती तिच्यासमोर मांडली.

"अक्का! आज पुस्तकं उघडायची नसतात!" आतून शेषाद्री ओरडला.

"वाचतंय कोण? आम्ही चामडं बघतोय!" अक्कानं ओरडूनच सांगितलं. मग एका काळ्याभोर, तुकतुकीत पुस्तकावर हात ठेवून तिनं विचारलं, "हे कसलं?"

क्षणभर त्याच्या ओठांवर रेक्झिन आलं होतं. "वासराचं," तो म्हणाला.

तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि डोळे मिटले. "ते बाजूला ठेव. ते नको मजला." त्यानं ते मलमलीखाली सरकवलं. तिनं श्वास घेतला, पदराला बोटं पुसली, आणि पुढच्या तपकिरी पुस्तकावर हात टेकला. "हे?"

"मेंढी."

या वेळी हात हलला नाही. अंगठ्यानं ती कातडं चाचपत राहिली, जसं तो चाचपायचा तसं. "एवढं मऊ कशानं होतं रे? तू काय करायचास तिथं?"

साऱ्या जन्मात या घरात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं ते पुस्तक तिच्या आणखी जवळ सरकवलं. "सांगतो," तो म्हणाला. "कुठून सांगू?"

"पहिल्या दिवसापासून सांग," अक्का म्हणाली, आणि पानांचं तबक बाजूला सारून तिनं त्याच्याजवळ पाट ओढून घेतला.